आईच्या पायाची साक्ष

रवि. ११ जाने.
प्रार्थनासभेला गेले. टाळ्या वाजवल्या, ओठ हलवले. आत काही नाही. सात-आठ महिने असंच चाललंय. पास्टर म्हणाले, "शंका म्हणजे सैतानाचं बी, ताई." मी मान डोलावली. मान डोलावण्यात माझा हात कोणी धरणार नाही.
आई लंगडत होती. विचारलं तर म्हणे, चप्पल चावली.

मंगळ. १३
चप्पल नाही. उजव्या अंगठ्याखाली जखम, रुपयाएवढी. वास येतोय. भांडून बोट टोचलं. "घे बाई, तुझं समाधान." शुगर ४१२.
कोरेगावातल्या निम्म्या लोकांची शुगर मी लॅबमध्ये तपासते. घरात दीड वर्षं मशीन उघडलं नाही. दिव्याखाली अंधार.
लिहूनच टाकते. दीड वर्षापूर्वी सभेत साक्ष द्यायला मीच उभी राहिले होते, हातात आईचा रिपोर्ट. 'प्रभूने माझ्या आईला बरं केलं!' आमच्यात असंच, आधी तोंडाने कबूल करायचं, मग देव पुरं करतो. रिपोर्ट नॉर्मल आला होता तो गोळ्यांमुळे. शेंबड्या पोरालाही कळेल. मला तर त्याचाच पगार मिळतो. पण हालेलुयाचा गजर झाला आणि आईने घरी येऊन सगळ्या गोळ्या मोरीत ओतल्या. मी शेजारी उभी राहून आनंदाने रडत होते.

बुध. १४
शेजारच्या काकूंनी तिळगूळ दिला. आमच्यात सणाचं खात नाहीत. सभेला जायला लागल्यापासून बारा वर्षं नको म्हणत आले, आज तोंडात टाकला. आभाळ कोसळलं नाही. वेलदोडा जरा जास्त होता. मग आत जाऊन रडले, का कुणास ठाऊक.
आईपाशी गोळ्यांचा विषय काढला.
"आगं, तू देवाच्या घरात उभी ऱ्हाऊन बोललीस. आता मी गोळी खाल्ली तर माझी लेक खोटी पडंल की. न्हाई खायाची."
म्हणजे ती देवापायी अडलेली नाही. माझ्यापायी अडली आहे.

शुक्र. १६
लॅबच्या डॉक्टरांना पायाचा फोटो दाखवला. म्हणाले, आठवडाभरही थांबू नका, अंगठा काळा पडतोय. दादाचा सांगलीहून फोन. तो कधीच सभेला आला नाही, त्यामुळे त्याला सगळं सोपं वाटतं. "उचल आणि गाडीत घाल." घालीन. पण गोळीसाठी तोंड कोण उघडणार तिचं?
पास्टरांकडे गेले. म्हटलं, तुम्ही सांगा, तुमचं ऐकेल. म्हणाले, "मी गोळी खा म्हणणार नाही, खाऊ नका असंही नाही. पण साक्ष तुमची आहे ताई. ती तुम्हीच परत घ्यायची." पास्टरांच्या बायकोने चहा दिला, निघताना घरची अंडी दिली. माणसं वाईट नाहीत. असती तर किती बरं झालं असतं.

रवि. १८
उभी राहिले. म्हटलं, माझी साक्ष खोटी होती, आई गोळ्यांनी बरी होती. एवढंच बोलायचं ठरवलं होतं. पण तोंडातून पुढचंही निघून गेलं, की माझा आता विश्वासच उरलेला नाही.
मग सगळे उठून आले, माझ्या डोक्यावर, खांद्यांवर हात ठेवून मोठ्याने प्रार्थना. आईच्या गोळ्यांचं कोणी नावही काढलं नाही. त्या हातांत तिचा हात कळला मला. तापलेला होता.

सोम. १९
आईने उपास धरला. नुसतं पाणी. माझ्या आत्म्यासाठी.
गोळी दिली तर बाजूला सारते. "आता कशाला? तुझा इश्वासच ठिकाणावर न्हाई."
करायला गेले एक आणि झालं हे. कुणाला सांगू? सवय होती ती देवालाच सांगायची.

बुध. २१
पायाची सूज घोट्याच्या वर. दुपारी दादा गाडी घेऊन आला. सांगलीच्या दवाखान्यात बोलून ठेवलंय. आई भिंतीला टेकून बसलेली, हलेना. दादाने हात धरला तर हात सोडवून घेतला. मग मला जवळ बोलावलं.
"आज सातला आपल्या घरी प्रार्थना हाय. सगळ्यांफुडं म्हण, माझा इश्वास माघारी आला. मग म्हणशील तितं येते. कापू दे पाय."
"आई, अगं पायाचं बघ आधी."
"पाय जाईल न्हाईतर ऱ्हाईल. तू तिकडं नसलीस तर मी सोर्गात एकटी काय करू गं?" मग म्हणाली, "पर माझ्याकडं बघून बोल. खोटं बोललीस तर मला कळतंय."
दादा बाहेर घेऊन गेला. म्हणाला, "बोलून टाक की. दोन वाक्यं हायत." दोनच आहेत, खरं आहे. गेल्या वेळीही दोनच होती. मला खोटं बोलता येतं. तिच्याकडे बघून येईल का, माहीत नाही. आणि नाहीच आलं तर?
साडेसहा झाले. सतरंजी अंथरली आहे. दादा गाडीत बसून आहे. गल्लीच्या तोंडाशी पास्टरांचा आवाज येतोय.