पेशी माझ्या आहेत

८ जानेवारी २००१
आजपासून मी संशोधन सहायक. नेमणुकीच्या पत्रावर माझं नाव टाइप केलेलं आहे. लोणी काळभोरहून निघताना आईने त्यावरून तीनदा हात फिरवला. सदाशिव पेठेत निकिताबरोबर खोली मिळाली. ती संगणकाची जावा भाषा शिकते आणि माझ्या पगाराला हसते.
प्रयोगशाळेत चार मीटर लांब पोलादी नळी आहे, मध्ये अॅल्युमिनिअमचा पातळ पडदा. एका बाजूला हवा भरत जायची. पडदा फुटला की धक्क्याची लाट दुसऱ्या टोकाला ताटलीतल्या जिवंत पेशींवर आदळते. सुरुंगाजवळ काम करणाऱ्या खाणमजुरांच्या शरीरात आतून काय मोडतं, ते यातून कळावं. नळी सांभाळणारे दशरथमामा म्हणाले, कानात बोळे घाल पोरी, नाहीतर स्वतःच्या लग्नातला बँड ऐकू यायचा नाही.

१६ जानेवारी
माणसाच्या त्वचेच्या पेशी हव्यात. दवाखान्यातून आलेल्या संमतीपत्रांवर सगळे अंगठेच. वाचून दाखवलं होतं का, असं सिस्टरना विचारलं. त्या म्हणाल्या, अहो, मी वाचत बसले तर वॉर्ड काय तुम्ही बघणार? आईनेही असे कितीतरी अंगठे दिलेत. ती त्वचा मला वापरवेना. मी माझाच दंड पुढे केला. मसुरीएवढा तुकडा काढला.
स्वतःच्या पेशींवर काम करू नये असा नियम आहे. तो प्रयोगशाळेचे प्रमुख केळशीकर सरांना मीच दाखवला. सर म्हणाले, फॉर्म शेवटपर्यंत वाचणारं माणूस या इमारतीत पहिल्यांदाच आलंय, त्याला नाही कसं म्हणू? दशरथमामांना मात्र आवडलं नाही. स्वतःला कुणी ताटात वाढतं का, म्हणाले.

१९ फेब्रुवारी
पेशी छान वाढल्या. प्रयोग असा आखला: एक ताटली नळीत, दुसरी नळीपर्यंत नेऊन परत आणायची, तिसरी जागेवरच. म्हणजे नेण्या-आणण्याचा परिणाम धक्क्याच्या माथी बसणार नाही. पहिल्या धक्क्याला पेशी आक्रसल्या. त्याच क्षणी माझ्या बरगडीच्या आतून कुणीतरी चापट मारली. आवाजामुळे असेल.
उरलेल्यांपैकी सहा कुप्या गोठवून सरांनी अशीच नळी असलेल्या बंगलोरच्या एका प्रयोगशाळेला पाठवल्या.

२२ फेब्रुवारी
कुशीवर गोल काळानिळा डाग. ताटली टेकवून पाहिली. बरोबर तेवढाच.

२४ फेब्रुवारी
खात्री करायला हवी होती. मी खोलीवर बसले. दशरथमामांनी चिठ्ठ्या काढून पाच धक्के द्यायचे, दोन माझ्या पेशींना, तीन उंदराच्या. वेळा मला सांगायच्या नाहीत. मला जाणवलं ते अकरा दहाला आणि अकरा पन्नासला. दुसऱ्या वेळी नाकातून रक्त आलं, निकिताने पाहिलं. दुपारी मामांनी वही दाखवली. माझ्या पेशी: ११.१०, ११.५०.
प्रयोगाच्या आखणीत चूक शोधतेय. सापडत नाही.

२६ फेब्रुवारी
सर म्हणाले, दोन नोंदींवर विज्ञान उभं राहत नाही, तब्येत तपासून घ्या. मग मला समोर बसवून शेजारच्या खोलीत माझ्या पेशींना एक धक्का द्यायला लावला. माझ्या नाकातून रक्त आलेलं त्यांनी पाहिलं. स्वतः उठून नळीला कुलूप घातलं.
पेशी नष्ट कराव्यात म्हणून एका ताटलीत ब्लीचचा एक थेंब टाकला. कोपराची कातडी पांढरी पडून सोलली. उरलेल्या ताटल्या झाकून ठेवल्या. मारताही येत नाहीत.

६ मार्च
चालताना पुन्हा चापट. मोठी. पण आपली नळी तर बंद —
बंगलोर. सरांनी ईमेल केली आहे. उत्तर नाही.

९ मार्च
आज सात वेळा. डावा कान गेला. सर म्हणतात, सहा कुप्यांच्या आता शंभर ताटल्या झाल्या असतील. वाढणं हाच पेशींचा धर्म. हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हते.

१२ मार्च, एसटीडी बूथ
बंगलोरला फोन लागला. कुणी तरुण माणूस. म्हणाला, मॅडम, आतापर्यंतच्या नुसत्या चाचण्या, कमी दाबाच्या. खरा प्रयोग आज. सगळ्या ताटल्या एकदम. थांबवा म्हटलं. हसला. मग माझा आवाज ऐकून म्हणाला, बरं, थांबा, विचारून येतो.
रिसीव्हर उजव्या कानाशी धरून लिहितेय. तो पळत गेला. पावलं ऐकू आली. दार.
फोनमध्ये, त्याच्या मागे, नळीत हवा भरत असल्याचा आवाज. बारीक. हा आवाज मला माहीत आहे —
वर चढतोय. तो अजून पोचला नाही. कुणालातरी हाक मारतोय, पण ते लोक कानात बोळे —
आई, मी फक्त