डावीकडच्या गाड्या

५ फेब्रुवारी

ती. ताईस,
धाकट्याचा नमस्कार. वि. वि.

फोनवर आपलं तिसऱ्या मिनिटाला भांडण होतं म्हणून तू पत्रांची अट घातलीस, ते बरंच झालं. पत्रात तुला मला मधेच तोडता येत नाही.

नवा कॉम्प्युटर आला. सगळे भाग मीच जोडले. दिवसभर दातांच्या लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या घासून बोटं इतकी तयार झालीत की एकही स्क्रू हातातून निसटला नाही. पंखे इतके गुपचूप फिरतात की मशीन चालू आहे का ते हात लावून बघावं लागतं. आणि आता खरं सांगतो, मी त्यावर काहीच खेळलेलो नाही. खेळ उघडतो, एका सेकंदात पडद्यावर किती चित्रं उमटतात तो कोपऱ्यातला आकडा बघतो, सावल्या गडद करतो, आकडा घसरतो, सावल्या फिक्या करतो आणि बंद करतो. यादीत दोनशेच्या वर खेळ आहेत, त्यातले निम्मे उघडलेही नाहीत. जुन्या मशीनला शिव्या घालत होतो तेव्हा मात्र जेवायचं भान नसायचं. हे काय झालंय ते मला कळत नाही. तुला कळलं तर कळव.

खेळतो तो एकच, आपला रविवार सकाळचा ट्रकचा, तू तुझ्या घरून, मी माझ्या. सहा दिवस बस चालवून सातव्या दिवशी भावाबरोबर ट्रक हाकणारी बाई दुसरी सापडायची नाही. पण गेल्या रविवारी तू तीन गाड्यांना ठोकलंस, आणि तिन्ही वेळा म्हणालीस की गाडी एकदम उगवली. मनाला लावून घेऊ नकोस, चूक तुझी नाही. तुझं मशीन थकलंय. रॅम कमी पडली की ते लांबची गाडी वेळेवर दाखवत नाही, अगदी अंगावर आल्यावर दाखवतं. रॅम वाढवून घे.

भावजींना नमस्कार सांग. माया आहे तेवढी राहू दे, वाढवलीस तर माझी हरकत नाही.

तुझा,
धाकटा

---

१९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
ताईचे आशीर्वाद.

शेवटच्या स्टॉपवरच्या विश्रांतीच्या खोलीत बसून लिहितेय. दोन फेऱ्यांच्या मधे वीस मिनिटं मिळतात. इथलं टेबल डगमगतं, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

तू सांगितलंस तसं केलं. दुरुस्तीच्या दुकानातल्या बाईंनी मशीन उघडलं, आतली धूळ बघून माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी एखादं मूल उपाशी ठेवलंय. रॅम बसवली. मशीन चटकन सुरू होतं हे कबूल. पण गाड्या उगवायच्या थांबल्या नाहीत. आणि एक गोष्ट माझ्या आता लक्षात आली. उगवतात त्या फक्त डावीकडून. उजवीकडच्या लांबून दिसतात, रंगासकट. रॅमला डावं-उजवं कळतं का रे? माझ्या बुद्धीच्या पलीकडचं आहे, म्हणून विचारते.

आमच्याकडे सगळं ठीक. ह्यांच्या बेकरीत नवी भट्टी आलीय. पहिल्या दिवशी सगळे पाव एका बाजूनं काळे निघाले, म्हणून हे दोन दिवस घुम्यासारखे बसले होते. माझंही एक सांगते, पण हसू नकोस. सोमवारी डेपोच्या फाटकातून बस आत घेताना डावा आरसा खांबाला घासला. बावीस वर्षांत पहिल्यांदा. तो खांब हल्लीच करड्या रंगानं रंगवलाय, मागच्या भिंतीत मिसळून जातो. रंग देणाऱ्याला जाऊन बोलले. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, बाकी कुणाची तक्रार नाही.

तू खेळत का नाहीस ते मला काय कळणार? मी तर आपली रविवार आहे म्हणून खेळते. घंटा झाली, निघते. आठवण ठेव, आणि थोडं हिंडत जा.

तुझी,
ताई

---

२ मार्च

ती. ताईस,
नमस्कार. वि. वि.

डावं-उजवं हा प्रश्न तू भलताच घातलास. मी तो इंटरनेटवरच्या खेळाडूंच्या मंडळावर विचारला. पाच जणांनी सात उत्तरं दिली. एक म्हणाला ग्राफिक्स कार्ड मरायला टेकलंय, दुसरा म्हणाला मॉनिटरची डावी बाजू अंधारलीय, तिसरा म्हणाला केबल बदला. दोघे एकमेकांशीच भांडत बसले. मला कार्ड आणि मॉनिटर दोन्ही पटतात, म्हणजे खरं तर एकही पटत नाही. पण भाग बदलत गेलं की कधीतरी दोष हाताला लागतोच. माझं जुनं कार्ड आणि मॉनिटर नुसते पडून आहेत, ते पेटीत घालून पाठवतोय. दुकानातल्या बाईंकडून बसवून घे. मॉनिटर मोठा आहे, खुर्ची जरा मागे ओढ.

माझं विचारशील तर गोंधळ वाढलाय. काल सुट्टी होती. सकाळपासून यादी वर-खाली करत होतो. एक खेळ वीस मिनिटं खेळलो, मग वाटलं की ह्याहून चांगला दुसरा असेल. दुसरा उघडला, तर त्याची गोष्ट लांबलचक, आज सुरू करून काय उपयोग असं वाटलं. शेवटी मशीनचं झाकण काढलं आणि आतल्या वायरी पुन्हा नीट बांधल्या. खरं सांगू, त्या दिवसातला तेवढाच तास बरा गेला. मला खेळायला आवडतं की मशीन आवडतं? इतकी वर्षं स्वतःला खेळाडू म्हणवत आलो आणि आता एवढं साधं उत्तर देता येत नाही.

खांबाचं वाचून हसलो नाही. थोडं हसलो. लोभ आटू देऊ नकोस.

तुझा,
धाकटा

---

२० मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

पेटी पोचली. बाईंनी घरी येऊन सगळं बसवून दिलं. चित्र इतकं सुरेख की झाडाची पानं मोजावीत. मी ट्रक काढला, आणि दुसऱ्याच चौकात डावीकडून टँकर उगवला.

हे मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, तो टँकर तर केव्हापासून येत होता, तू थांबली का नाहीस? मी म्हटलं, आला तेव्हाच दिसला. मग ह्यांना खुर्चीत बसवलं. आयुष्यात कधी खेळाला हात लावलेला नाही, माउस धरला तो गरम पत्रा धरावा तसा. आणि धाकट्या, ह्यांनी डावीकडची प्रत्येक गाडी मला आधी सांगितली. निळी, पांढरी, मोटरसायकल. मी शेजारीच उभी होते. मला मोटरसायकल दिसलीच नाही.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. एका पांढऱ्या घुमटात तोंड घालून बसवतात, ठिपका चमकला की बटण दाबायचं. बराच वेळ ठिपकाच येईना. मला वाटलं यंत्र बिघडलं, तसं मी सांगितलंही. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, यंत्र ठीक आहे.

काचबिंदू आहे. डावा डोळा बराच गेलाय, उजव्याचाही डावीकडचा भाग गेलाय. दुखत नाही, अंधार दिसत नाही, मेंदू रिकामी जागा आपल्या मनानं भरून टाकतो म्हणे. थेंब दिलेत, ते जन्मभर. आहे ते राखता येईल, गेलेलं परत येणार नाही. बस चालवू नका, असंही त्या म्हणाल्या.

डेपोची तपासणी नोव्हेंबरात असते. तोपर्यंत कुणाला कळायचं कारण नाही. मान जरा जास्त वळवली की दिसतं. तीन दिवस तसंच चालवतेय. बरोबर की चूक, ते मला ठरवता येत नाही. बस सोडली तर मी नेमकी कोण उरते, तेही कळत नाही. ह्यांना सांगितलंय की डेपोत बोलणं चाललंय. तुझ्याशी खोटं बोलवत नाही.

ताई

---

२३ मार्च

ताई,

पत्र आत्ता वाचलं. लगेच फोन केला, तर कामावर आहे म्हणून तू दोन वाक्यांत ठेवलास. मग तीन पत्रं लिहिली आणि फाडली. पहिल्यात ओरडलो होतो, दुसऱ्यात समजूत घालत होतो, तिसऱ्यात माफी मागितली होती.

दीड महिना मी तुला हे बदल, ते बदल सांगत राहिलो. तू खांबाचं लिहिलंस, मी हसलो. मला मशीन कळतं म्हणून मी मशीनच बघत बसलो. तुझ्याकडे बघितलंच नाही.

बस सोडल्यावर तू कोण उरशील याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण गाडी काढू नकोस. उद्याही नको. मी शनिवारी येतोय. माझ्यावर रागव, फोनवर भांड, काय हवं ते कर.

धाकटा

---

११ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तू आलास, दोन दिवस राहिलास, आणि मी तुला एवढंच सांगितलं की डेपोत कळवून टाकलंय. ते कसं घडलं ते तुझ्यासमोर सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

तुझं पत्र पंचवीसला मिळालं. वाचून डब्याच्या पिशवीत ठेवलं आणि बस काढली. तिसऱ्या फेरीत बाजाराच्या वळणावर मान वळवली होती, अगदी नेमानं वळवली होती. पुढच्या सीटवर एक म्हातारे गृहस्थ होते. ते एकदम उठून म्हणाले, बाई, डावीकडे. मी ब्रेक दाबला. बाबागाडी घेतलेली एक तरुण मुलगी बसच्या तोंडाशी उभी होती. हात लांब केला असता तर पत्र्याला लागला असता. तिनं माझ्याकडे पाहून हात हलवला. तिला वाटलं, मी तिला वाट देण्यासाठी थांबले.

कुणाला काही झालं नाही. उतारू आपापसात बोलत राहिले. मी पुढच्या स्टॉपवर बस उभी केली, सगळ्यांना उतरायला सांगितलं आणि डेपोत फोन केला.

साहेबांनी विचारलं, कसं लक्षात आलं. मी म्हटलं, भावाबरोबर खेळताना. त्यांनी मान वर करून पाहिलं, मग फॉर्मवर तसंच लिहिलं. आधीच का सांगितलं नाही, असंही विचारलं. तो प्रश्नही त्यांनी फॉर्मवर लिहिला. आता मला वेळापत्रकाच्या खोलीत बसवलंय. ह्यांना खोटं सांगितल्याबद्दल हे चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी विचारलं, थेंब घातलेस का.

तू जाताना विचारलंस की रविवारचं काय. ट्रक नको. दुसरा कुठला ते तू ठरव, दोनशेतला एखादा तरी शेवटपर्यंत जाऊ दे. खेळ आवडतो की मशीन, ह्या तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही, पण तू एकटा बसून ते शोधू नकोस एवढं वाटतं.

त्या दिवशी बसची किल्ली साहेबांच्या टेबलावर ठेवून घरी निघाले. आमच्याच मार्गाची बस आली. चालक ओळखीचा, मीच शिकवलेला. त्यानं पुढच्या सीटवर बसवलं. अकरा स्टॉप आहेत. मला वाईट वाटत होतं की हलकं वाटत होतं, अजून सांगता येत नाही. पण प्रत्येक स्टॉप जवळ आला की माझा उजवा पाय आपोआप खाली दाबला जात होता, आणि बस थांबत होती.

जीव लावतोस तसाच लावत राहा.

तुझी,
ताई