लंबूच्या वाट्याची सुट्टी

२० डिसेंबर

आला! न कळवता! मी दुकानात एका गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही उसवत बसले होते, तर दारात हा उभा. पाठीवर बोचकं. "ओळखलंस का?" म्हणे. मी आधी रागावले. मग रडले. मग पुन्हा रागावले, कारण घरात एक धड भाजी नव्हती.

पोरगी इस्त्रीच्या टेबलाखाली टोपलीत झोपली होती. पाच महिन्यांची झाली, बापाने तिला पाहिलं ते फक्त फोनवर. याने उचलली मात्र, तिने असं काही भोकाड पसरलं की दुकानाचे मालक कात्री टाकून धावत आले. याचं तोंड एवढंसं झालं. म्हाताऱ्या मालकांनीही डोळे पुसले आणि मला चार दिवस घरी जा म्हणाले.

२१ डिसेंबर

आज कळलं हा कसा आला ते. ऐकलं तेव्हापासून एका जागी बसवत नाही.

वर्षअखेरीची सुट्टी सगळ्यांना देता येत नाही, म्हणून यांच्या लष्करी छावणीत पत्र्याच्या मगातून चिठ्ठ्या काढतात. एक तर 'जा', नाहीतर 'थांब'. याला 'थांब' आली होती! 'जा' आली ती लंबूला. लंबू म्हणजे याच्या शेजारच्या खाटेवरचा, त्याचे पाय खाटेबाहेर लोंबतात. दुसऱ्या दिवशी त्याने आपली चिठ्ठी याच्या खिशात कोंबली. "पोरीला बघून ये. आईला काय सांगायचं ते मी सांगतो, तू मध्ये बोलू नकोस."

आणि लंबूची आई आमच्याच गावात. सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीत बसतात, सगळे मावशीच म्हणतात. माझ्या पोरीचं लसीचं कार्ड त्यांच्याच अक्षरातलं. घरी दोघंच, मायलेक. आणि तो दोन वर्षं आलेला नाही.

म्हणजे मी त्या बाईच्या ताटातलं उचलून खातेय! उद्या पोरीची राहिलेली लस आहेच. उद्याच आभार मानायचे. पण कसे? 'तुमचा मुलगा आला नाही, फार उपकार झाले' — असं म्हणायचं?

२२ डिसेंबर

घोळ झाला. सगळा घोळ.

"लस टोचताना पोरीला मीच धरणार," असं याचं सकाळपासून चाललं होतं. पण दाढी होईना. मी म्हटलं, तू ये मागून. खिडकीशी पोचले तर आतली नर्स मावशींना विचारत होती, "मुलगा येणार होता ना तुमचा?" आणि मावशी शांतपणे म्हणाल्या, "यंदा कोणालाच सुट्टी नाही म्हणे."

लंबूने आईला हे सांगितलंय! आणि माझा नवरा पाच मिनिटांत टेचात इथे येणार! फोन काढून लिहिलं — येऊ नकोस, घरी जा, धाव. नुसतं धाव.

"वडील?" मावशींनी कार्ड पुढे ओढलं. दर वेळी विचारतात. मी म्हटलं, "ड्यूटीवर." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, क्षणभरच, आणि शिक्का मारला.

पोरगी रडली. मीच धरली होती. हा घरी तोंड पाडून बसलेला — फाटकापर्यंत येऊन परत फिरला म्हणे.

२३ डिसेंबर

नवऱ्याला घरात कोंडलंय. पडदे ओढलेत. मालकांनाही तोंड बंद ठेवायला सांगितलं.

"असं चोरासारखं किती दिवस?" म्हणतो. मी म्हटलं, जाईपर्यंत. "त्यापेक्षा जाऊन सांगून टाकू." काय सांगणार? की तुमच्या पोराने तुम्हाला थाप मारली? "मग लंबूलाच विचारतो." विचार ना! पण तो वरच्या चौकीवर गेलाय, तिथे महिनाभर फोन लागत नाही.

भांडलो. कुजबुजत भांडलो, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून. असं भांडण काही रंगत नाही.

२४ डिसेंबर

पोरगी त्याच्या छातीवर झोपली. दोन तास तो हलला नाही. पाण्याचा ग्लास मीच त्याच्या तोंडाला लावला.

२७ डिसेंबर

आज मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाजार समितीचा वर्षअखेरीचा कार्यक्रम — 'सैनिकांच्या कुटुंबांचे ऋण'. मी नको म्हटलं तरी समितीचे लोक न्यायला घरापर्यंत आले. हा न्हाणीघरात लपला.

स्टेजवर शेजारची खुर्ची कोणाची? मावशींची! अध्यक्ष माइकवर, "सुट्टीच्या दिवसांत यांची घरं रिकामी आहेत, म्हणून आपली घरं भरलेली आहेत." टाळ्या. माझं घर रिकामं? माझ्या घरात तो पोरीचे लंगोट धूत होता! आणि जिचं खरंच रिकामं, ती बाई माझ्या मांडीवरच्या पोरीला बोट धरायला देऊन हसत होती.

दोघींना एकेक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. खाली उतरताना मावशींनी विचारलं, "बाळ रात्री झोपतं का गं?" मी म्हटलं, हल्ली झोपतं. "हल्ली ना? छान."

आत्ता तोंडावर येतंय, आत्ता सांगून टाकेन, असं वाटत होतं. नाहीच सांगितलं. भित्री आहे मी. घड्याळ लावलेलं नाही.

३० डिसेंबर

मावशी दुकानात आल्या. हातात खाकी कागदातलं पुडकं. "तुझं काही तिकडे जाईल ना, त्यात हे घाल. लेकासाठी आहे."

मी घेतलं. मऊ होतं. त्या गेल्यावर पाहिलं तर वर पत्ता नाही, तिकीट नाही, काही नाही. वय झालं, विसरल्या असतील.

१ जानेवारी

गेला. पहाटेच्या गाडीने, मफलरने तोंड झाकून. पुडकं त्याच्या पिशवीत घातलं. पोरगी सकाळभर दाराकडे बघतेय.

२ जानेवारी

गाडीतून त्याचा फोन. आवाज कसातरीच. पुडक्याची सुतळी सुटली म्हणे, तर आत लोकरीच्या मोज्यांचे दोन जोड. एक होडीएवढा, म्हणजे लंबूचा. दुसरा साध्या मापाचा. आणि चिठ्ठी. त्याने वाचून दाखवली, मी दोनदा वाचायला लावली.

'छोटे मोजे तुझे. हे पुडकं तूच नेशील म्हणून पत्ता घातला नाही. वर जायच्या आधी लेकाने मला फोन केला होता, आई, देऊ का म्हणून. मीच म्हटलं, दे. बायकोला रागावू नकोस, ती भली आहे.'



३ जानेवारी

दवाखाना उघडायच्या आत खिडकीशी जाऊन उभी राहिले. आभार मानायला तोंड उघडलं आणि भांडलेच! "आधी का नाही सांगितलंत? दहा दिवस नवरा कोंडून ठेवला मी!"

"अगं, तूच म्हणालीस ड्यूटीवर. मी म्हटलं, नसेल सांगायचं हिला."

"आणि नर्सला सांगितलंत ते? कोणालाच सुट्टी नाही?"

"तिला काय सांगू? माझ्या लेकाने सुट्टी देऊन टाकली? सगळ्या मलाच वेड्यात काढतील. आणि वर तुला येऊन बघत बसतील." मग कार्डांचा गठ्ठा नीट करत म्हणाल्या, "या खिडकीतून फाटक दिसतं. परत फिरला तेव्हाच ओळखलं मी. एकदा आत आला असता ना, तर पोरीला धरलेलं बघायचं होतं मला. तेवढंच राहिलं."

मी रडले, चांगली हुंदके देऊन. मागे पेशंटची रांग लागली तरी. पोरीला खिडकीतून आत त्यांच्या हातात दिली. रडली नाही ती. मावशींनीच डोळे टिपले आणि मला ओरडल्या, "बाजूला हो, लोकांना ताप आलाय!"

घड्याळ लावलं.

९ डिसेंबर

वर्ष झालं. पुन्हा चिठ्ठ्या निघाल्या. याला 'जा'. लंबूला 'थांब'.

याचा फोन आला. "तूच सांग, काय करू?" पोरगी माझ्या पायाला धरून उभी होती. परवापासून पळायला लागलीय, त्याला अजून दाखवायचं होतं. म्हटलं, "देऊन टाक."

दुपारी मालकांनी विचारलं, "यंदा येतोय ना जावई?" मशीन थांबवलं नाही मी. म्हटलं, "यंदा कोणालाच सुट्टी नाही म्हणे."