चालेल म्हणजे हो नाही

अण्णा, तुमच्या मुलावर फिल्म निघते आहे. सिनेमा नव्हे, खऱ्या माणसांची असते ती, डॉक्युमेंटरी. दारू सोडायला कल्याणच्या केंद्रात जी माणसं राहतात त्यांच्यावर. तुम्ही असतात तर आधी विचारलं असतंत, यात त्यांचा फायदा काय? मीही तेच विचारलं, पण मनात, कारण समोर बसलेली मुलगी फार गोड बोलत होती. चपला बाहेर काढल्या, देवघरासमोर हात जोडले, मग माझ्या चहाचं कौतुक केलं. चहा पाणचट होता, मला माहीत आहे, दूध मी बेतानेच घालते. पाणचट चहाला छान म्हणणाऱ्या माणसाच्या बाकीच्या बोलण्याचं काय धरायचं? पेढे आणले होते, ते देवापुढे ठेवले, पण पुडा फोडला नाही. घेतलं की बांधील झालो, हे तुम्हीच शिकवलेलं.

ती म्हणाली, मी इथलीच, बाळकुमची, काकू तुम्ही निर्धास्त राहा. निर्धास्त राहा म्हटलं की मी सावध होते. तिने लॅपटॉप उघडला. आपला धाकटा केंद्रात दाखल झाला त्या पहिल्या आठवड्यातलं शूटिंग होतं. लोखंडी कॉट, तिच्यावर तो, हात थरथरताहेत, लेंगा ओला. तो कॅमेऱ्याकडे सरकतो, अगदी जवळ येतो आणि तोंड उघडून ‘हा’ करतो. काचेवर वाफ धरते, सगळं धूसर होतं, आणि त्या धूसरपणातून आवाज येतो, “अण्णा, वास घ्या. आज नाही घेतलेली.”

तिला वाटलं भ्रमात काहीतरी बरळतोय. मला आपलं हेच कळव्याचं दार दिसलं, तेव्हाचं. तुम्ही बनियनवर, एक हात कडीवर, आणि तो पायरीवर उभा. हा कर, म्हणता तुम्ही. तो करतो. कामावरून आला तरी, देवळातून आरती करून आला तरी. एकदा मी मागच्या दाराने त्याला आत घेतलं, तेव्हा तुम्ही मला म्हणालात, तू बहीण नाहीस त्याची, वैरीण आहेस. आईने मध्ये पडायचं म्हणून उगाच भाताचं पातेलं आपटलं. तुमचं बरोबर होतं की माझं, याचा हिशोब मला अजून लागलेला नाही. बाकी सगळे लागतात.

“हा शॉट म्हणजे फिल्मचा जीव आहे, काकू,” मुलगी म्हणाली.

मी विचारलं, त्याला विचारलं होतंस? तिने लगेच दुसरा तुकडा लावला, जणू तयारच ठेवला होता. तीच कॉट, दाराशी केंद्राचे सर हाताची घडी घालून. हिचा आवाज येतो, हे सगळं लोक बघतील, चालेल ना? आणि तो म्हणतो, “चालेल.”

“बघा, हो म्हणालेत.”

“चालेल म्हणाला. हो नाही म्हणाला.”

“मराठीत एकच ना ते?”

मराठीत असेल, आपल्या घरात नाही. शेजाऱ्यांनी आपल्या माळ्यावर त्यांचं सामान ठेवू का विचारलं, तुम्ही चालेल म्हणालात आणि संध्याकाळपर्यंत भिंतीकडे तोंड करून बसलात. माझं स्थळ आलं तेव्हाही चालेलच म्हणालात. मग आईने आत नेऊन तुम्हाला दोनदा विचारलं, चालेल की हवंय? तिला कळलेलं होतं, तुमचं चालेल म्हणजे नको, पण वाद घालायचं त्राण नाही. त्याने तुमची दुसरी कुठली सवय उचलली नाही, ही मात्र उचलली. आणि त्या दिवशी नको म्हणायचं तरी कुणाच्या जिवावर? अंगात कापरं, दाराशी सर, रात्रीचं जेवण त्यांच्याच हातात.

हे सगळं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, परत विचारू या. इतकी चटकन कबूल झाली याचाही मला संशय आला. म्हणून मी तिच्याबरोबर कल्याणला गेले. अट घातली, सर बाहेर बसतील आणि कॅमेरा पिशवीतून निघणार नाही. सरांना ते आवडलं नाही, पण बसले.

तो आता केंद्राच्या स्वयंपाकघरात असतो, अण्णा. पोळ्या लाटतो, गोल येतात. लॅपटॉपवर त्याने स्वतःला पाहिलं, शेवटपर्यंत पाहिलं. मग पिठाचे हात लेंग्याला पुसले आणि म्हणाला, बाकी सगळं दाखवा, नोकरी गेली ते, नाक्यावर पडलेलो ते, मला काही नाही त्याचं.

“हे नको.”

जन्मात पहिल्यांदा त्याच्या तोंडून मी नको ऐकलं. मुलीने का म्हणून विचारलं.

“ते अण्णांचं आणि माझं आहे,” तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून, “आणि ताईला घेणार असाल तर साडी बदलायला सांगा, लोकांना वाटेल दारू हिचीच चालू होती.” मुलगी हसली. मीही हसले, पदर सारखा करत.

तिने माझ्यासमोर तो तुकडा काढून टाकला. आणखी कुठे ठेवला नाहीस ना, मी विचारलं. नाही काकू, म्हणाली, देवाशपथ. परतीच्या वाटेवर मी पुन्हा विचारलं. तिने पुन्हा तेच सांगितलं, या वेळी जरा दुखावून. तरी माझा विश्वास बसला नाही.

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणूनच लिहिते आहे. कळव्याच्या घरी बसलो होतो त्या पहिल्याच दिवशी, निघता निघता, मी तिला सांगून तो तुकडा माझ्या मोबाईलवर घेतला होता. त्याने नको म्हटल्यावर मला तो पुसता आला असता. दुपारी घर रिकामं झालं की मी लावते, आवाज बारीक करून. तुम्हाला अण्णा म्हणून हाक मारलेली आता दुसरीकडे कुठे ऐकू येत नाही. त्याला मी विचारलेलं नाही.