रस्ता मीच उघडणार

१ डिसेंबर, सोमवार. सकाळी ७.१०

रोजनिशी सुरू. एसटीत तेहतीस वर्षं कंडक्टर होतो, रोज तिकिटांच्या हिशोबाचं वेबिल लिहायचो. रिटायर होऊन सात महिने झाले, हात शिवशिवतो. ही वही वाचणारं कोणी नाही, त्यामुळे खरं तेवढंच लिहीन.

१ डिसेंबर. दुपारी

विषयही लगेच मिळाला. वारंगा फाट्यावर मोठा फ्लेक्स लागलाय. एकवीस तारखेला, रविवारी, महामॅरेथॉन. फाट्यापासून डोंगरकडा आणि परत. बाहेरगावचे तीन हजार लोक येऊन आमच्या रस्त्यावर पळणार, आणि त्यासाठी पहाटे पाच ते अकरा रस्ता बंद. आमच्या तांड्याची वाट बराबर या दोन्हींच्या मधे हायवेला लागते. म्हणजे सहा तास तांडा कोंडलेला. दूध जाणार नाही, पेशंट जाणार नाही. आणि आमच्या निलमची नांदेडला स्टाफ नर्सच्या भरतीची परीक्षा नेमकी त्याच दिवशी. साडेआठला गेट बंद. पोरगी दोन वर्षं त्या एका पेपरसाठी घासून राहिली.

ठरलं. रस्ता मीच उघडणार.

२ डिसेंबर, मंगळवार

बायको, रूपाबाई, म्हणाली, पहाटे साडेचारलाच निघू, तांड्यातल्या सेवाची जीप सांगून ठेवू, गेटसमोर दोन-तीन तास बसू. मी साफ नाही म्हणालो. देविदास आडेची लेक चोरासारखी अंधारात निघणार नाही. आपल्या रस्त्यानं, आपल्या टायमाला, उजेडात निघेल. प्रश्न एका पेपरचा नाही, तत्त्वाचा आहे.

रूपाबाई म्हणाली, पेपर तत्त्वाचा न्हाई, निलमचा हाय. बायकांना मोठं चित्र दिसत नाही.

३ डिसेंबर, बुधवार

'रस्ता बचाव कृती समिती' स्थापन. अध्यक्ष मी, एकमतानं. सभेला मी आणि जळबा होतो. जळबाचं फाट्यावर हॉटेल आहे, म्हणून तो उपाध्यक्ष. भज्यांचा घाणा उतरेपर्यंत कामकाज चाललं.

व्हॉट्सॲप ग्रुपही काढला. दुपारपर्यंत एकशे सत्तर मेंबर. एवढी गर्दी मी नांदेड गाडीत दिवाळीलाच पाहिली होती.

५ डिसेंबर, शुक्रवार

ग्रुपवर विचारलं, एकवीसला धरणं धरायला कोण कोण येणार. एकशे बावीस अंगठे आले. आयोजकांची झोप उडाली असणार.

रूपाबाई म्हणाली, अंगठा दाखवणं आणि येणं यात फरक असतो. नकारात्मक वातावरणात काम करतोय मी.

८ डिसेंबर, सोमवार. सकाळी

आजपासून लाक्षणिक उपोषण. जळबाच्या हॉटेलासमोर, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. बॅनर तयार. सकाळी जरा भरपेट खाल्लं, कारण उपोषणाला ताकद लागते.

८ डिसेंबर. दुपारी २.३०

उपोषण यशस्वीरीत्या स्थगित. हॉटेलासमोर जागा निवडणं ही टेक्निकल चूक होती, वारा कढईकडून येत होता. शिवाय माझ्या वयाला शुगर उतरणं धोक्याचं. भजे मी औषध म्हणून घेतले. दोन प्लेट.

आयोजकांचं कोणी फिरकलं नाही. घाबरले असतील.

१० डिसेंबर, बुधवार

निवेदन लिहायला बसलो. चौदा मुद्दे झाले. पहिल्या पानावर निजामाच्या काळापासूनचा रस्त्याचा इतिहास घेतलाय. निलम म्हणाली, पप्पा, साधी विनंती लिहा ना, एवढा वेळ गाडी जाऊ द्या म्हणून. तिला समजावलं की विनंती केली की माणूस लहान होतो. ती पुस्तक घेऊन आत गेली. घरात टीव्ही बंद ठेवलाय तिच्यासाठी, तेवढा त्याग मीही करून राहिलो.

१२ डिसेंबर, शुक्रवार

निवेदन द्यायला जायचं होतं. सकाळी थंडी फार. उद्या.

१३ डिसेंबर, शनिवार

शनिवारी कोण साहेब भेटतो? सोमवारी.

१५ डिसेंबर, सोमवार

जळबानं राजीनामा दिला. पळणाऱ्यांना लिंबूसरबत द्यायचं काम आयोजकांनी त्याला दिलंय. वर एक पिवळा टी-शर्टही. मी खूप बोललो. तो म्हणाला, अध्यक्ष, मी आत राहून समितीचंच काम करतो. विचार केला तर बरंच आहे. शत्रूच्या गोटात आपला माणूस पाहिजेच.

निवेदन पंधराव्या मुद्द्यासाठी थांबवलंय.

१७ डिसेंबर, बुधवार

रूपाबाई सकाळपासून घरात नव्हती. दुपारी आली. पोलीस ठाण्यात गेली होती म्हणाली, सोबत तांड्यातल्या तिघीजणी. निलमचं हॉलतिकीट, दूधवाल्याचा पास, कुणाची तरी दवाखान्याची फाईल, असं काय काय घेऊन. तिथल्या निता मॅडमनी चहा पाजला, आयोजकांना बोलावून घेतलं. पुढं ती लेन, दोरी, सहा ते आठ, असं काहीतरी सांगत होती. मी तेव्हा भाषणाचा शेवट लिहीत होतो. शेवट हाच भाषणाचा जीव असतो. मान हलवली.

बिचारीला चहावर वाटेला लावलं असणार. तिला वाईट वाटू नये म्हणून पुढं काही विचारलं नाही.

१८ डिसेंबर, गुरुवार

ग्रुपवरून शहाण्णव जण बाहेर पडले. कोणीतरी लिहिलं होतं, 'प्रश्न मिटला, धन्यवाद वहिनी.' कोणत्या वहिनी, काही खुलासा नाही. ही अफवा आयोजकांनी पसरवली, हे उघड आहे. मी मोठ्या अक्षरात लिहिलं की प्रश्न मिटलेला नाही, अध्यक्ष जिवंत आहेत. आणखी अकरा गेले.

सख्खा पुतण्या विकास मॅरेथॉनमध्ये नाव देऊन बसलाय, हेही आजच कळलं. तीन महिने पहाटे पळून राहिला म्हणे. मला वाटायचं पोरगं शेतात जातं.

२० डिसेंबर, शनिवार

उद्याचा प्लॅन. सात वाजता रस्त्यावर बैठक मारायची. आयोजक हादरतील, रस्ता उघडतील. सव्वासातला निलमची जीप माझ्यासमोरून दिमाखात जाईल. मी हात करीन. पोरगी आयुष्यभर विसरणार नाही.

हे घरात सांगितलेलं नाही. सरप्राईज.

रूपाबाई म्हणाली, उद्या तुमी जीपमध्ये येता का, एक सीट ठेवलीय. मी म्हणालो, मला काम आहे. ती निलमचा डबा, पेन, आधार कार्ड पिशवीत भरायला लागली.

२१ डिसेंबर, रविवार. सकाळी ६.४०, हायवेवर

आलो. कडाक्याची थंडी. पहिले पळणारे डोंगरकड्याकडे गेले, तोंडातून वाफा निघून राहिल्या. एकशे बावीस अंगठ्यांपैकी सोनाजी आलाय. सोनाजी शाळेत शिपाई होता, शब्दाचा पक्का माणूस. नाश्ता कधी आहे एवढंच विचारतोय.

पाहणी केली. पळणारे रस्त्याच्या एका अंगानं जातात. दुसऱ्या अंगाला दोरी बांधून एक पट्टा साफ मोकळा सोडलाय. माणूस नाही, पोलीस नाही. शत्रूची घोडचूक. तिथंच बसणार.

सकाळी ७.०५

बसलो. बॅनर गुडघ्यावर. मागं गाड्या थांबायला लागल्या. पहिली दुधाची गाडी, मग एक रिक्षा. हॉर्न वाजवून पाठिंबा देऊन राहिले. जनतेत असंतोष होताच, फक्त नेता पाहिजे होता.

सकाळी ७.१५

सात-आठ गाड्या. पाठिंब्याचा आवाज वाढलाय. रिक्षातला एक म्हातारा खाली उतरून काहीतरी ओरडतोय, भावनेच्या भरात असावा. आता भाषण सुरू करतो. वही खिशात.

दुपारी १.३०, घरी

लिहू की नको, असं झालं होतं. पण खरं तेवढंच लिहायचं म्हणून बसलोय.

भाषण चांगलं सुरू झालं होतं. या रस्त्यावर माझ्या लेकीचा हक्क आहे, तिची आज परीक्षा आहे, तिला कोण अडवतो ते मी बघतो, एवढ्यापर्यंत आलो होतो. तेवढ्यात रांगेतल्या चौथ्या गाडीचं दार उघडलं. सेवाची जीप. रूपाबाई खाली उतरली आणि चालत माझ्यासमोर येऊन उभी राहिली. चिडली की ती आमच्या गोरमाटी बोलीत बोलते. आज मराठीत बोलली, सगळ्यांना कळेल असं.

"उठा. तुमच्यामागं निलम बसलीय."

मी म्हणालो, तिच्यासाठीच तर बसलोय.

"हा पट्टा तिच्यासाठीच उघडा ठेवलाय त्यांनी. सहा ते आठ. दूध, दवाखाना आणि परीक्षा. बुधवारी सांगितलं तुमाला. मान हलवली होती तुमी."

मी दोरीकडे पाहिलं. मग गाड्यांकडे. दुधाची गाडी. रिक्षात नाकाला नळी लावलेली म्हातारी, आणि तो ओरडणारा तिचा नवरा. त्याच्या ओरडण्यातले शब्द मला तेव्हा कुठं नीट ऐकू आले.

मी उठलो असतो. पण थंडीनं उजवा गुडघा धरला. उठायला गेलो, बसलो. पुन्हा गेलो, पुन्हा बसलो. सोनाजीनं हात दिला तर तोही बसला. लोकांना वाटलं मी हट्ट करतोय. घड्याळात सात पंचवीस. इथून नांदेड एक तास.

पळणाऱ्यांतले दोघं थांबले. एक अनोळखी, आणि दुसरा आमचा विकास, छातीवर नंबर, घामानं भिजलेला. दोघांनी दोरी ओलांडली, मला काखेत हात घालून उचललं आणि कडेच्या गवतावर नेऊन ठेवलं. विकासनं माझी चप्पल आणून दिली आणि परत पळायला लागला. त्याच्यापुढं तोवर बरेच जण निघून गेले होते.

जीप माझ्यासमोरून गेली. प्लॅनमध्ये होतं तसं मी हात केला नाही. निलमनं खिडकीतून पाहिलं. ती रागावलेली नव्हती. घाबरलेली होती. ते जास्त वाईट.

कोणीतरी स्वयंसेवक आला, मला पळून थकलेला समजून हातात केळं देऊन गेला. सोनाजीनं अर्धं मागितलं. मी सगळंच दिलं.

२१ डिसेंबर. दुपारी ४.१५

निलमचा फोन. पेपर झाला. शहरात शिरताना ट्रॅफिक लागला म्हणून शेवटचा दीड किलोमीटर ती पळत गेली. रूपाबाई पिशवी घेऊन मागं. गेट लावून राहिले होते, वॉचमननं हॉलतिकीट पाहिलं आणि आत घेतलं. पहिला प्रश्न तीनदा वाचला, मग जमलं म्हणाली.

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. तिनंच विचारलं, पप्पा, गुडघा कसा हाय?

२२ डिसेंबर, सोमवार

ठाण्यातून बोलावणं आलं. निता मॅडमनी समज देऊन सोडलं. त्या काल आठपर्यंत फाट्यावर होत्या, म्हणाल्या, बुधवारी अर्धा दिवस बसून तुमच्या वहिनींबरोबर तो पट्टा ठरवला होता. वहिनी नाही, बायको आहे, मी म्हणालो. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, मग तर तुम्हाला माहीत असायला पाहिजे होतं.

प्रशासनाशी संवाद सुरू झाला, हे समितीचं यश म्हणता येईल.

म्हणता येणार नाही. खोडायचं होतं, पण पेन जोरात लागलं तर पान फाटेल.

२३ डिसेंबर, मंगळवार

रिक्षातल्या म्हातारीचं घर शोधत गेलो. पलीकडच्या वस्तीत निघालं. राणी नावाची तिची सून दारात होती. सासूबाई वेळेवर पोहोचल्या, आता बऱ्या आहेत म्हणाली. आत बोलावलं नाही. दारातच माफी मागितली. तिनं पाणी दिलं.

ही गोष्ट घरी सांगितली नाही. सांगितली की मोठी होते.

२५ डिसेंबर, गुरुवार

समिती बरखास्त. ग्रुपवर नऊ जण उरले होते, त्यात चार माझ्याच घरचे. विकास आला होता. तीन महिने पळून जो टायमिंग धरला होता तो सहा मिनिटांनी हुकला. काका, पुढच्या वर्षी पुन्हा पळतो म्हणाला. मी म्हणालो, पुढच्या वर्षी मी घरातच बसतो. तो हसला. फार वेळ हसला.

रूपाबाई चार दिवस कामापुरतंच बोलली. आज म्हणाली, गुडघ्याला हळद-तेल लावून देते, पाय इकडं करा. केला.

४ जानेवारी, रविवार. सकाळी ११.००

कुरुंद्याहून एक माणूस मोटरसायकलवर आला. शर्ट इन केलेला, हातात फाईल. फेब्रुवारीत तिकडं सायकल रेस आहे, बाजाराच्या दिवशी रस्ता बंद करणार म्हणून गावकरी हैराण. वारंगा फाट्याचं प्रकरण ऐकलं, मार्गदर्शन पाहिजे म्हणाला.

मी आत जाऊन चांगला शर्ट घातला. केस विंचरले. खुर्ची अंगणात घेतली, गुडघा दुमडून बसलो, आणि म्हणालो, आधी समिती स्थापन करावी लागते.

तो म्हणाला, हो, ते ठीक आहे. पण वहिनी आहेत का घरात?

शेतात गेली, हरभऱ्यात. तासाभरानं येईल, असं सांगितलं. तो म्हणाला, थांबतो मी. मग चहा मीच केला. चांगला झाला म्हणाला, अजून अर्धा कप घेतला.