शेवग्याखालचा महाराष्ट्र

अच्छाड, बुधवार, नोव्हेंबर २०१५



आजचा सगळा घोळ त्या मोबाईलच्या प्लॅनमुळे. बिल कमी व्हावं म्हणून जुन्या प्लॅनचं वर्ष अर्धंच झालं असताना मी स्वस्तातला नवा घेतला. तलासरीचा दुकानदार बजावत होता, "ताई, यात रोमिंग फ्री नाही हां." मी ऐटीत म्हटलं, "आम्ही कुठे बाहेरगावी जातो?" आपलं घर अगदी सीमेवर, स्वयंपाकघरात फोन गुजरातचा टॉवर पकडतो, हे तेव्हा आठवू नये? आता घरात फोन उचलला तरी परराज्यात असल्यासारखे रोमिंगचे पैसे लागतात. महाराष्ट्र सापडतो तो परसातल्या शेवग्याखाली.

आज तिन्हीसांजेला आईचा फोन आला. ती सरावलीला एकटी, त्यात परवाच चक्कर येऊन पडलेली. मी पिठाच्या हातांनी शेवग्याकडे धावले, तोवर रिंग बंद. उलट लावला तर उचलेना. पुन्हा लावला, तरी नाही. परत पडली असेल का? तिच्या शेजाऱ्यांचा नंबरसुद्धा मी घेऊन ठेवलेला नाही. कसली मुलगी मी!

घरात आले तर तव्यावर भाकरी करपलेली. तेवढ्यात फोन वाजला. स्क्रीनवर गुजरात. तिथेच उचलला.

"अगं, तू उचलेनास म्हणून जीव घाबरला माझा. शेजारी सांगायला गेले, तर फोन घरातच राहिला. कुठे बाहेरगावी गेली होतीस का?"

"घरातच होते गं," एवढंच म्हटलं, आणि रोमिंग चालू असताना तिथेच उभी राहून रडले.