कोबाल्ट-६० लिहिलेला कांदा आणि राहिलेला धडा

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (माध्यमिक),
जिल्हा परिषद, नाशिक.

विषय : समस्थानिकांचा अपूर्ण धडा गावासमोर पोलीस बंदोबस्तात पूर्ण करू देण्याबाबत.
संदर्भ : संस्थेची कारणे दाखवा नोटीस, दि. १८/०९/२००२ (वर्गात किरणोत्सारी कांदा आणल्याबद्दल).
अर्जदार : श्रीमती मोहिनी शांताराम बिरारी, विज्ञान शिक्षिका, वाकीखेडे, ता. देवळा.

महोदय,

१. मंगळवार, दि. १७ रोजी सकाळी सव्वादहा वाजता गावच्या कांदा बाजारात श्री. गोटीराम सूर्यवंशी यांना त्यांच्याच ट्रॉलीवरून खाली ओढून फावड्याच्या दांड्याने मारण्यात आले. कवटी फुटली. मारणारे सर्व कांदा उत्पादक, बरेचसे त्यांचे भाऊबंद.

२. याचे कारण अर्जदाराच्या वर्गात घडले. आदल्या दिवशी नववीला समस्थानिके शिकवताना अर्जदाराने गोटीराम यांची मुलगी मनीषा हिच्याकडून दोन कांदे घेतले. एकावर शाईने कोबाल्ट-५९ लिहिले, दुसऱ्यावर कोबाल्ट-६०. दोन्ही अणूंत प्रोटॉन सत्तावीसच. दुसऱ्यात न्यूट्रॉन एक जास्त, म्हणून तो अस्थिर, किरण सोडणारा. कांद्याला मोड येऊ नयेत यासाठी याच किरणांचा मारा करतात, हेही सांगितले. मारा झालेला कांदा स्वतः किरणोत्सारी होत नाही, हे सांगण्याआधी घंटा झाली. ते उद्यावर ठेवले.

३. मनीषाने दोन्ही कांदे घरी नेऊन भरलेल्या ट्रॉलीत टाकले. विकाऊ माल वाया घालवण्याची त्या घरी रीत नाही. लिलावात व्यापाऱ्याचा हात नेमका साठवाल्यावर पडला. वर्तमानपत्रातून तो आकडा त्याला माहीत होता. "हाऊ बाँबना कांदा शे," एवढे बोलून तो खाली उतरला आणि साऱ्या गावाचा लिलाव थांबला.

४. दुपारी जमाव शाळेत आला. प्रयोगशाळेचे दार कुऱ्हाडीने फोडले. आम्लाच्या बाटल्या भिरकावल्या. शिपाई लखन यांचा चेहरा भाजला. "अणू कुठं ठेवला ते सांग, बाई," असे विचारत अर्जदाराचे उजवे मनगट टेबलावर धरून विटेने ठेचले. अणू टेबलातही आहेत आणि विटेतही, असे अर्जदाराने सांगितले. ते सांगायला नको होते. त्यानंतर टेबल पेटवण्यात आले.

५. पोलिसांनी तो कांदा चिमट्याने उचलून वाळूच्या बादलीत ठेवला आहे. पंच म्हणून सही करण्यास कोणी तयार नाही. अर्जदार तोच कांदा सर्वांसमक्ष खाण्यास तयार आहे.

६. मनीषाच्या अंगातही आता किरण आहेत, असे गाव म्हणते. तिला पाणी भरू देत नाहीत. घरावर दगड येतात. दवाखान्यात गोटीराम यांच्या उशाशी बसलेल्या त्यांच्या पत्नी नवसाबाई यांनी निरोप पाठवला : "बाई, राहिनं ते सांगी टाका. पोरले तरी सोडतीन." तरी बाजार आवारात एक तास, एक फळा व बंदोबस्त आजच मिळावा. नोटिशीचा खुलासा अर्जदार नंतर देईल.

डाव्या हाताने लिहिले आहे, अक्षर समजून घ्यावे.

आपल्या हुकमाची वाट पाहणारी, नम्र,
मोहिनी शां. बिरारी
दि. १९/०९/२००२

सोबत : मनगटाचा वैद्यकीय दाखला.

ता. क. : अर्ज पाठवण्यापूर्वी समजले ते असे. आज दुपारी सूर्यवंशी यांची कांदा साठवण्याची चाळ पेटवण्यात आली. अजून जळते आहे. दगड सुरू झाल्यावर मनीषा चाळीकडे पळताना शेजारच्या सुमनबाई यांनी पाहिली होती. तिला शोधायला आत कोणी गेलेले नाही. धुरात किरण असतील, असे लोकांचे म्हणणे आहे.